पांढऱ्या पायांनी ला क्रॉस ते डुलुथ

लोक अमेरिकेत फिरायला येतात तेव्हा धबधबे बघतात, दऱ्या बघतात, डोंगरात कोरलेली राष्ट्राध्यक्षांची डोकी बघतात. मी इथे मिनेसोटात पंचेचाळीस वर्षं राहते. ती डोकी पाहुण्यांना दाखवून दाखवून आता मला माझ्या दिरांपेक्षा जास्त ओळखीची झाली आहेत. या ऑगस्टमध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, मी तीन दिवसांचा प्रवास केला तो यातलं काहीच बघायला नाही. मला आमचा बेसबॉलचा संघ जिंकताना बघायचा होता. एकदा. स्वतःच्या डोळ्यांनी.

संघ काही मोठा नाही. टीव्हीवर दिसतात ते खेळाडू वेगळे. आमचा संघ आम्ही राहतो त्या ईडन प्रेरीच्या जवळच्या एका छोट्या गावाचा, त्यातले निम्मे खेळाडू हिवाळ्यात लोकांच्या दारातला बर्फ उपसतात. संघाचं नाव लिहीत नाही, बिचाऱ्यांची आधीच पुरेशी बदनामी झाली आहे. टोपीवर कासवाचं चित्र आहे, तेव्हा आपण त्यांना कासवं म्हणू. कासवं हरतात. नुसती हरत नाहीत, त्यात कल्पकता असते. सहा धावांनी पुढे असताना हरतात. एकाच झेलासाठी दोघं धावतात आणि एकमेकांवर आपटून हरतात. एकदा पावसाने मॅच रद्द झाली तर लोकांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. आणि तरी दर मार्चमध्ये, अंगणातला बर्फ वितळायला लागला की आमच्या घरात कुणीतरी म्हणतंच, "यंदा पोरं बरी वाटतायत हं."

आता माझं पाप सांगते. लग्न होऊन इथे आले त्या उन्हाळ्यात आमचे हे मला पहिल्यांदा मॅचला घेऊन गेले. मी तिखटमिठाच्या पुऱ्या करत बसले, म्हणून आम्हाला उशीर झाला. आम्ही आत शिरलो तेव्हा कासवं पाचने पुढे होती. मी बसले. हरली. पुढच्या खेपेला बसले, हरली. तिसऱ्यांदा ह्यांचा एक मित्र हसत हसत म्हणाला, "वहिनी पांढऱ्या पायाच्या दिसतात." सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन मात्र मी आरशासमोर उभी राहून खरंच पाय बघितले.

त्या दिवसापासून मॅच रेडिओवर असो की मैदानात, मोक्याची वेळ आली की हे म्हणायचे, "तू जरा आत जातेस का?" आणि ती बावळट बाई जायची! घरी असले तर कपडे धुवायच्या खोलीत. तिथे मी मशीन मुद्दाम चालू करायचे, म्हणजे चुकून कानावर काही पडायला नको. कासवांनी आयुष्यात एकमेव करंडक जिंकला तेव्हा मी पार्किंगमध्ये गाडीत काचा वर करून बसले होते. आज ती बाई भेटली तर मी तिचा कान धरून तिला मैदानात आणून बसवीन. पण खरं सांगायचं तर तिला त्यात थोडा अभिमानही वाटायचा. परक्या देशात जिचं इंग्रजी दुकानदारालाही कळत नव्हतं, तिच्या पायांवर नऊ धिप्पाड पुरुषांचं नशीब अवलंबून होतं. एवढी सत्ता सोडवत नाही हो माणसाला.

गंमत म्हणजे आमचे हे जन्मभर इंजिनिअर. पत्रिका न बघता लग्न केलं, घरात साधी वास्तुशांत करू दिली नाही. पण एका वहीत, तारीखवार, मी कुठे बसले होते आणि निकाल काय लागला याची नोंद!

यंदा बातमी आली की संघाच्या मालकांनी गाशा गुंडाळायचं ठरवलंय. हा शेवटचा हंगाम. तीनच सामने उरले होते आणि तिन्ही परगावी. जेवताना मी सहज म्हणाले, "म्हणजे मी यांना जिंकताना कधी बघणारच नाही." आमची नात इरा तेव्हा आली होती. लेकीची लेक, जन्म इथला, नोकरी ॲम्ब्युलन्सवर. तिने काटा खाली ठेवला.

"वेट. कधीच नाही? लाइक, एव्हर?"

"कधीच नाही."

"दॅट्स इन्सेन, आजी. मी सुट्टी काढते. आपण तिन्ही गेम्सना जायचं."

ह्यांचा चेहरा पडला. "अगं, शेवटचे तीन तरी जिंकू देत ना त्यांना," असं इतक्या काकुळतीने म्हणाले की क्षणभर मलाच वाटलं, जाऊ दे. मग आरशासमोर पाय बघणारी ती पोरगी आठवली आणि मी पुऱ्या लाटायला घेतल्या.

शुक्रवार : ला क्रॉस

आमच्या गावाहून दक्षिणेला निघालं की तासाभराने मिसिसिपी भेटते आणि मग ती सोडतच नाही. एका ठिकाणी तर ती इतकी रुंद होते की पलीकडचा काठ म्हणजे नुसती निळी रेघ. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, त्यांच्या अंगावर गर्द झाडी. मी सांगलीची, मला नदी म्हटलं की घाट, देऊळ आणि धुणी आठवतात. इथे मैलोन्मैल माणूस नाही. फक्त पांढऱ्या डोक्याचे गरुड, वठलेल्या झाडावर सासरेबुवांसारखे बसलेले. आम्ही एका काठावर थांबून पुऱ्या आणि दाण्याची चटणी खाल्ली. गरुड बघत होता. दिलं नाही.

मॅच संध्याकाळची होती. बेसबॉल ठाऊक नसणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं: नऊ डाव असतात, प्रत्येक डावात दोन्ही संघ आळीपाळीने बॅटिंग करतात आणि तीन गडी बाद झाले की पाळी संपते. सातव्या डावाच्या मध्यावर सगळं मैदान उभं राहतं, आळोखेपिळोखे देतं आणि एक गाणं म्हणतं. आपल्याकडे आरतीला उठतात तसं. म्हातारे, बाया, पॉपकॉर्नवाला, सगळे. मला ही पद्धत फार आवडते. कीर्तनाच्या मध्येही अशी सोय हवी.

तर सगळे उभे राहिले तेव्हा कासवं चार-दोन अशी पुढे होती. ह्यांनी फक्त माझ्या चपलांकडे पाहिलं.

आणि काय सांगू, माझे पाय आपोआप चालायला लागले! डोकं म्हणतंय थांब, आणि पाय पायऱ्या उतरतायत. "मी जरा ते चीजचं काहीतरी घेऊन येते," असं म्हणत मी मागच्या रांगेत जाऊन उभीही राहिले. ला क्रॉस शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात, तिथे ताज्या चीजचे छोटे गोळे पिठात बुडवून तळतात. चीजची भजीच ती, फक्त ओवा घालायचं त्यांना सुचलेलं नाही. रांगेतून कुंपणापलीकडचं पार्किंग दिसत होतं. तिथे एका लाल ट्रकशेजारी घडीची खुर्ची टाकून एक गोरी म्हातारी मैदानाकडे पाठ करून लोकर विणत बसली होती. डोक्यावर कासवाची टोपी. मला वाटलं, हिच्या डोळ्यांवर मावळतीचं ऊन येत असेल.

तेवढ्यात मागे एकच गर्जना झाली. परगावच्या मैदानात गर्जना झाली की समजायचं आपलं काही खरं नाही. त्या लांबलचक रांगेतून मी भज्यांचा कागदी डबा घेऊन परत आले तेव्हा मॅच संपून कासवं पाच-चारने हरलेली होती.

"मी तर बाहेर होते!" मी म्हटलं.

हे गंभीरपणे म्हणाले, "तू जरा उशिरा उठलीस. सहाव्यातच उठायला हवं होतं."

"आजोबा," इरा म्हणाली, "तुम्ही इंजिनिअर आहात. लिटरली."

शनिवार : ओ क्लेअर

सकाळी हॉटेलात नाश्त्याला एक यंत्र होतं. त्यात पीठ ओतायचं, उलटं फिरवायचं आणि दोन मिनिटांनी जाळीदार गोड धिरडं काढायचं. ह्यांनी सूचना न वाचता पीठ ओतलं, कारण इंजिनिअर सूचना वाचत नाहीत. पीठ यंत्रातून टेबलावर, टेबलावरून पँटवर आणि पँटवरून मोज्यात गेलं. कालच्या "उशिरा उठलीस"चा हिशेब तिथेच मिटला.

ओ क्लेअरचं मैदान जुनं, दगडी, भोवती उंच पाइनची झाडं. दारात पिशव्या तपासणाऱ्या बाईंनी माझी लसणाच्या चटणीची डबी उघडली, वास घेतला आणि मागे सरकल्या.

"मॅम, हे काय आहे?"

"खाऊन बघा," मी म्हटलं.

खरोखर बोट बुडवून त्यांनी चाखली. डोळ्यांतून पाणी आलं. मग त्या शेजारच्या पहारेकऱ्याला म्हणाल्या, "हे जाऊ दे आत. आणि तू पण खा."

त्या दिवशी मी ठरवून बसले होते की काही झालं तरी उठायचं नाही. पण पाचव्या डावातच कासवं नऊ-एक अशी मागे पडली. ह्यांनी वही मिटून खिशात घातली. आता माझ्या असण्या-नसण्याने काही बिघडणार नव्हतं. कालची ती म्हातारी मात्र डोक्यातून जात नव्हती, म्हणून मी हातावर शिक्का मारून घेऊन बाहेर गेले. लाल ट्रक होता. खुर्ची होती. बाईही होत्या, मैदानाकडे पाठ करून.

त्यांचं नाव डॉना. वय माझ्याएवढंच, विणकाम माझ्यापेक्षा बरं. मी विचारलं, "तिकीट मिळालं नाही का?"

"तिकीट आहे ना," डॉना खिशावर हात ठेवून म्हणाली. "पण मी आत जात नाही. मी आत गेले की हे हरतात."

मला चक्क राग आला. जे पाप चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी एकटीने वाहिलं, त्यात ही कोण भागीदार?

"माफ करा," मी म्हटलं, "पण ते माझ्यामुळे हरतात."

"नाही, हनी. माझ्यामुळे. माझ्या नवऱ्याने बघून ठेवलं होतं. ज्या वर्षी मी अंड्याचं सॅलड घेऊन गेले ना, तेव्हापासून."

"माझ्या नवऱ्याची वही आहे!"

"माझ्या नवऱ्याने गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवलंय."

भिंतीपुढे वहीचं काय चालणार. मी दुसरी खुर्ची नव्हती म्हणून ट्रकच्या पायरीवर बसले. विचारलं, "मग आज ते आत बसलेत का?"

"जीन? तो गेला. दोन हिवाळे झाले."

लोकरीचा गुंडा तिच्या मांडीवरून घरंगळला, तो मी उचलून दिला.

"मग आता तुला बाहेर कोण पाठवतं?"

तिने विचार केला. "कुणी नाही," म्हणाली. "सवय."

आतून लाउडस्पीकरवर अकरा-दोन झाल्याचं ऐकू आलं. आम्ही दोघींनी एकदमच मान हलवली. मग डॉना माझ्याकडे वळून बारीक डोळे करून म्हणाली, "तू आत बसली होतीस ना आज? म्हणजे आजचं तुझ्यामुळे."

"आणि कालचं?" मी म्हटलं. "काल सातव्या डावापासून तू ट्रकपाशी होतीस आणि मी भज्यांच्या रांगेत. दोघीही बाहेर. चार-दोनने पुढे होते. तरी हरले."

सुया थांबल्या.

"मग कुणामुळे हरले?" तिने हळूच विचारलं.

"अगं बाई," मी म्हटलं, "त्यांना खेळताच येत नाही!"

डॉना हसायला लागली ती थांबेचना. खुर्ची हलायला लागली. मीही हसले. दोन म्हाताऱ्या पार्किंगमध्ये पोट धरून हसतायत हे बघून एक माणूस गाडी मागे घेता घेता थांबला आणि "आर यू लेडीज ओके?" असं विचारून गेला. निघताना मी तिला सांगितलं, "उद्या डुलुथला एक वाजता. तू माझ्या शेजारी बसायचं. आणि अंड्याचं सॅलड आण."

रविवार : डुलुथ

डुलुथला उतारावरून गाडी खाली येते आणि समोर अचानक समुद्र उघडतो. समुद्र नव्हे, तळं आहे. पण पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वर बंदर आहे. बंदराच्या तोंडाशी एक पोलादी पूल आहे, आणि मोठी बोट आली की तो अख्खाच्या अख्खा वर उचलतात, लग्नात अंतरपाट उचलावा तसा सरळ. त्याखालून लोखंडाच्या खनिजाची एक लांबलचक बोट गेली. तिने भोंगा दिला, पुलाने उलट भोंगा दिला. ह्यांचे डोळे लहान मुलासारखे झाले. तिथल्या धुरावलेल्या माशांचं इराने फार कौतुक केलं. आम्ही दोघांनी जंगली तांदळाचं सूप घेतलं. तांदूळ काळा, लांब आणि चावायला चिवट, पण वर साजूक तूप असतं तर मी पुन्हा मागितलं असतं.

मैदानाच्या दारात डॉना उभी होती. हातात डबा, ओठांना लिपस्टिक. दारातून आत यायला तिने जरा वेळ घेतला. मी घाई केली नाही. मलाही पहिल्या दिवशी पाय कुठे नेत होते ते मी पाहिलं होतं.

"अहो," मी ह्यांना म्हटलं, "या डॉना. यासुद्धा पांढऱ्या पायाच्या."

ह्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, एकदा आकाशाकडे. पण माणूस सभ्य. सरकून जागा दिली.

कासवांचा जन्मातला शेवटचा सामना. परगावच्या त्या गर्दीत आमच्या टोप्या जेमतेम वीस. आणि काय झालं असेल ते असो, त्या दिवशी पोरं खेळली. झेल सोडले नाहीत, एकमेकांवर आपटली नाहीत. आठवा डाव संपला तेव्हा तीन-दोन, आम्ही पुढे. नवव्या डावात फक्त त्यांची पाळी उरली होती. तीन गडी बाद करायचे, बस.

पहिला गेला. दुसरा गेला. मग आमच्या बोलरला, इथे त्याला पिचर म्हणतात, घाम फुटला आणि त्याने एकामागून एक तीन माणसं फुकट बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यांवर, नेऊन बसवली. आता एक बरा फटका बसला की दोन धावा आणि खेळ खलास. डॉनाचा हात माझ्या हातात, बर्फासारखा गार. इरा नखं खात होती.

तेवढ्यात हे उठले. मला वाटलं, आता मला सांगणार. पण हे वाकून माझ्या कानात म्हणाले, "तुम्ही दोघी बसा. मीच जातो बाहेर."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते जायला निघाले होते. खरं सांगते, मनात एक क्षण दुष्टपणा आला. जाऊ दे, बसू दे पार्किंगमध्ये, कळू दे. पण हा सामना त्यांचाही शेवटचाच होता.

"कुठे निघालात? बसा."

"अगं, पण..."

"बसा म्हणते ना! कुणी कुठे जायचं नाही."

ते बसले. डोळे घट्ट मिटून. मी कोपराने ढोसलं. "उघडा. बघायला आलोय आपण."

पिचरने चेंडू टाकला. बॅट लागल्याचा टणक आवाज आला. चेंडू वर, आणखी वर, तळ्यावरून आलेल्या वाऱ्यात पांढरा ठिपका होऊन मागे मागे. आमचा मधला फिल्डर त्याच्या मागे पळत सुटला. हा तोच पोरगा ज्याने जूनमध्ये एक सोपा झेल स्वतःच्या कपाळावर घेतला होता. पळतोय, पळतोय, कुंपण आलं, पाठ टेकली, हात वर. चेंडू त्या हातात शिरला आणि तिथेच राहिला.

मी ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. इरा म्हणते ते सांगलीचं होतं. डॉना माझ्या गळ्यात पडली, अंड्याच्या सॅलडचा डबा पुढच्या रांगेतल्या माणसाच्या टोपीवर पडला आणि त्या माणसाने टोपी न काढता आम्हाला मिठी मारली. वीस टोप्यांचा एवढा आवाज होऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं. खेळाडू एकमेकांच्या अंगावर ढीग करून पडले होते. मग ते उठून आमच्या कठड्यापाशी आले, तो मधला पोरगा तर रडत होता. मी त्याला पुरी दिली. तो चावला आणि "व्हॉट इज धिस?" म्हणत दुसरी मागून घेतली.

हे चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते. मग वही काढली, पेनचं टोपण काढलं आणि म्हणाले, "अगं, म्हणजे तुझे पाय उलट शुभच..."

"थांबा!" मी म्हटलं. "ते काही लिहायचं नाही. आज माझ्या पायांनी जिंकले म्हटलं तर इतकी वर्षं माझ्याच पायांनी हरले म्हणावं लागेल. मी नुसती बसले होते. खेळले ते."

ह्यांनी टोपण लावलं.

"सॉरी गं," म्हणाले. मराठी पुरुष हा शब्द इंग्रजीतच म्हणतो, पण म्हणाले. मग इराबरोबर गाडी दाराशी आणायला गेले.

स्टँड रिकामा झाला. डॉना आणि मी बसूनच होतो. खालच्या ओल्या मातीवरून एक पांढऱ्या मिशीचा माणूस मोठा खराटा ओढत होता, बुटांचे ठसे एकेक करून पुसत होता. आमच्याजवळ आला तेव्हा त्याने टोपीला हात लावला.

"लेडीज," तो म्हणाला, "मॅच संपली."

"माहीत आहे," मी म्हटलं. "आम्ही बघितली."